दुतोंडी वासरापलीकडे : जन्मजात विकृती असलेल्या पशूंची अंतर्रचना काय सांगते?

नवी दिल्ली : दोन तोंडांचे वासरू, पाच पायांची गाय किंवा एका डोळ्याचे कोकरू जन्मल्याचे वृत्त देशाच्या कोणत्या ना कोणत्या भागातून अधूनमधून येत असते. छायाचित्र प्रसिद्ध होते, गोठ्यासमोर गर्दी जमते, कोणी हळदकुंकू वाहते, तर कोणी अपशकुन मानते. बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत ते वासरू दगावते, शेताच्या बांधावर पुरले जाते आणि वृत्तही तेथेच संपते. पशुवैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा प्रश्न अनुत्तरितच राहिलेला असतो : त्या कातडीच्या आत काय होते?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९.२५ कोटी गोवंश, १०.९८ कोटी म्हशी, १४.८८ कोटी शेळ्या आणि ७.४३ कोटी मेंढ्या आहेत. इतक्या मोठ्या पशुधनात जन्मजात विकृतीचे प्रमाण अल्प असले तरी तिचा फटका बसतो तो दोन-तीन जनावरांवर प्रपंच चालविणाऱ्या पशुपालकाला. विकृती आनुवंशिक आहे, विषाणूमुळे आली आहे, चाऱ्यातून आली आहे की तो गर्भविकासातील निव्वळ अपघात आहे, यावर पुढच्या वेताचा निर्णय अवलंबून असतो. बाह्य रूपावरून हा निवाडा क्वचितच करता येतो. भयावह दिसणाऱ्या वासराची विकृती त्याच्यापुरतीच मर्यादित असू शकते. उलट सुदृढ दिसणाऱ्या कालवडीच्या पोटात गर्भाशयच नसते.

शकुनापासून शास्त्रापर्यंत

विकृत पशुजन्माची नोंद ठेवण्याची परंपरा फार प्राचीन आहे. मेसोपोटेमियातील ‘शुम्मा इझ्बू’ या चोवीस मृत्तिकापट्टांच्या संग्रहात विकृत कोकरांच्या व अन्य जन्मांच्या लक्षणांवरून राजा आणि राज्याचे भविष्य वर्तविले आहे. भारतात वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तही उत्पातांच्या वर्णनात विपरीत प्रसवांचा समावेश आहे. या ग्रंथांतील निरीक्षणे कित्येकदा बारकाईची असली, तरी त्यांचा रोख भविष्याकडे होता, कारणाकडे नव्हता.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकात हा रोख बदलला. ब्रिटिश शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७७९ मध्ये जुळ्यांतील वांझ कालवडींच्या विच्छेदनावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे फ्रान्समध्ये एत्येन जॉफ्रॉय सेंट-हिलेर आणि त्यांचे पुत्र इझिदोर यांनी विकृतींचे पद्धतशीर वर्गीकरण केले. विकृती म्हणजे निसर्गनियमांचा भंग नसून, ठरलेल्या नियमांनी चाललेल्या गर्भविकासात विशिष्ट टप्प्यावर आलेला अडथळा होय, हा विचार त्यातून रुजला. आजचे विकृतीशास्त्र याच पायावर उभे आहे.

तोंडे दोन, घशाचा मार्ग एक

सर्वाधिक प्रसिद्धी मिळते ती दुतोंडी वासरांना. एकाच फलित अंड्यापासून बनणारी जुळी पूर्णपणे विभक्त न झाल्यास किंवा डोक्याच्या भागाचीच दुबार जडणघडण झाल्यास असे वासरू जन्मते. पाळीव पशूंमध्ये जोडजुळ्यांचा हा प्रकार गाईंत तुलनेने अधिक आढळतो.

अशा वासराच्या विच्छेदनात साधारणतः जे चित्र दिसते, ते बाहेरच्या दृश्यापेक्षा अधिक बोलके असते. मुस्कटे दोन असतात, जिभा दोन असतात, डोळे चार असतात. पैकी मधले दोन पुष्कळदा एकाच खोबणीत दाटीने बसलेले आढळतात. कवटीचा मागचा भाग मात्र एकच असतो. त्यात मोठ्या मेंदूची दोन स्वतंत्र जोडपी असली तरी ती खाली एकाच मज्जारज्जूला येऊन मिळतात. घशातील दोन मार्ग पुढे एका अन्ननलिकेत उतरतात. टाळू बहुधा दुभंगलेला असतो. त्यामुळे पाजलेले दूध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरते आणि वासरू फुप्फुसदाहाने दगावते. याशिवाय हृदयाच्या रचनेतही दोष असण्याची शक्यता मोठी असते. ‘दोन्ही तोंडांनी दूध पिते’ असे कौतुकाने सांगितले जाते तेव्हा वस्तुतः गिळण्याची एकही व्यवस्था धड नसते.

पाचव्या पायाची गोष्ट निराळी आहे. वशिंडापाशी किंवा पाठीवर लोंबणारा हा अवयव बहुधा अपुऱ्या जुळ्याचा अवशेष असतो. आत हाड, कूर्चा आणि चरबी सापडते. कामाचे स्नायू नसतात आणि मुख्य चेतासंस्थेशी जोडणीही नसते. इतर अवयव निर्दोष असल्यास असे जनावर पूर्ण आयुष्य जगू शकते, आणि जादा अवयव शस्त्रक्रियेने काढताही येतो. गावोगाव फिरवून त्याच्या नावे दान गोळा केले जाते तेव्हा त्या जनावराला मिळणारे चारा-पाणी, विश्रांती आणि उपचार यांचा प्रश्न १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येतो.

याच वर्गातील सर्वांत विलक्षण प्रकार म्हणजे निरोगी वासराच्या पाठोपाठ बाहेर पडणारा केसाळ गोळा. त्याला डोके नसते, पाय नसतात, हृदयही नसते. कापल्यावर आत चरबी, संयोजी ऊती, थोडी कूर्चा, क्वचित आतड्याचा तुकडा दिसतो. हेही एक जुळे भावंडच असते. वारेतील रक्तवाहिन्यांमधून निरोगी भावंडाचे हृदय त्याला रक्त पुरवीत असते, म्हणूनच ते हृदयाविना वाढते. नाळ तुटताच तो पुरवठा थांबतो. पशुपालकाने हा गोळा पाहून घाबरण्याचे कारण नाही. गाईच्या पुढील वेतास त्यामुळे सहसा बाधा येत नाही.

उलटे दुमडलेले वासरू

गाय अडते, पशुवैद्यक गर्भाशयात हात घालतात आणि हाताला पाय किंवा डोके लागण्याऐवजी आतडी लागतात. अशा वेळी क्षणभर अनुभवी हातही थबकतो. गाईचेच गर्भाशय फाटून तिची आतडी आत आली आहेत की ती आतडी वासराची आहेत, हे तत्काळ ठरवावे लागते. दुसरी शक्यता खरी असेल तर पुष्कळदा तो ‘शिस्टोसोमस रिफ्लेक्सस’ हा प्रकार असतो.

या विकृतीत गर्भाचा पाठकणा मागच्या बाजूला इतका वाकतो की शेपटीचा भाग डोक्याच्या मागे येतो. पोटाची आणि छातीची भिंत खालच्या बाजूस मिटलेलीच नसते. परिणामी यकृत, जठराचे कप्पे, आतडी आणि अनेकदा हृदयही उघड्यावर असते. सांधे आखडलेले असतात, यकृताचा आकार बदललेला असतो. आईच्या उदरात प्राणवायू वारेतून मिळत असल्याने असा गर्भ दिवस भरेपर्यंत जिवंत राहू शकतो. हाताला धडधडणारे हृदय लागते ते त्यामुळेच. जन्मानंतर मात्र तो जगत नाही. येथे पशुवैद्यकाचे लक्ष्य गाय वाचविणे हेच असते. सिझेरियन करणे किंवा गर्भाचे तुकडे करून तो बाहेर काढणे, असे दोन मार्ग असतात. बळाने ओढण्याचा अघोरी प्रयोग गोठ्यात झाला तर गाईचे गर्भाशय खरोखरच फाटण्याचा धोका असतो.

बाहेरून निर्दोष

अधिक आर्थिक हानी करणाऱ्या काही विकृती बाहेरून दिसतच नाहीत. गोऱ्ह्यासोबत जुळी जन्मलेली कालवड हे त्याचे ठळक उदाहरण. अशा शंभर कालवडींपैकी नव्वदहून अधिक वांझ असतात. इंग्रजीत तिला ‘फ्रीमार्टिन’ ही संज्ञा आहे आणि पशुवैद्यकीय व्यवहारात तीच रूढ आहे.

अमेरिकी भ्रूणशास्त्रज्ञ फ्रँक लिली यांनी १९१७ च्या सुमारास याची उकल केली. गाभण राहिल्यानंतर दुसऱ्या महिन्यातच दोन्ही गर्भांच्या वारेतील रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. गोऱ्ह्याच्या वृषणात तयार होणारे संप्रेरक कालवडीच्या शरीरात पोहोचते आणि तिचे गर्भाशय घडविणाऱ्या नलिकांची वाढ रोखते. बाह्य जननेंद्रिय मादीचेच राहते. आत मात्र गर्भाशयाच्या जागी दोरीसारखे पट्टे, खुरटलेली किंवा वृषणासारखी झालेली अंडाशये आणि नरात असणाऱ्या शुक्राशयांचे अवशेष आढळतात. योनिमार्ग सामान्य लांबीच्या साधारण एक तृतीयांश असतो व आत बंद होतो.

रक्ताच्या या देवघेवीची खूण कायम राहते. कालवडीच्या रक्तात तिच्या भावाच्या पेशी आयुष्यभर नांदतात. रे ओवेन यांनी १९४५ मध्ये गाईंच्या जुळ्यांत हे दाखवून दिले. परक्या पेशी शरीर कधी स्वीकारते, या विषयावरील फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट आणि पीटर मेडावर यांच्या विचारांना त्यातून दिशा मिळाली. या दोघांना १९६० चे नोबेल पारितोषिक लाभले. मानवी अवयवरोपणाच्या शास्त्राची एक वाट अशी गोठ्यातून गेलेली आहे.

पशुपालकासाठी याचा अर्थ सरळ आहे. जुळ्यांतील कालवड दोन-अडीच वर्षे पोसून ती माजावर येण्याची वाट पाहण्याऐवजी जन्मानंतर लवकरच तिची तपासणी करून घ्यावी. योनिमार्गाची लांबी मोजून प्राथमिक निदान होते; रक्तातील गुणसूत्रांच्या तपासणीने ते पक्के होते. क्वचित गोऱ्ह्याचा गर्भ मध्येच नष्ट होतो आणि कालवड एकटीच जन्मते. तेव्हा वांझपणाचे कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

बंद गुदद्वार हा दुसरा प्रकार. वासरू जन्मतः टवटवीत असते, चीक पिते, उभे राहते. पण शेण टाकत नाही. दोन-तीन दिवसांत पोट फुगते. आतडे केवळ कातडीच्या पडद्याने बंद असेल तर शेपटीखाली फुगवटा दिसतो आणि छोट्या शस्त्रक्रियेने वासरू वाचते. मोठ्या आतड्याचा वरचा भागच तयार झालेला नसेल तर बाहेरून गुदद्वार व्यवस्थित दिसते आणि निदान लांबते. मादी वासरात काही वेळा आतडे योनिमार्गात उघडते व शेण तेथून येते. प्रत्येक नवजात वासराची शेपटी उचलून पाहणे ही एवढीशी सवय या प्रकरणी निर्णायक ठरते.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असणे हा वासरांच्या हृदयदोषांतील सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. असे वासरू लवकर धापा टाकते, त्याची वाढ खुंटते. पुष्कळदा त्यावर फुप्फुसदाह समजून उपचार होत राहतात. छातीला नळी लावून हृदयाचा आवाज ऐकल्यास संशय येतो. खात्री मात्र अनेकदा शवविच्छेदनातच होते.

मेंदूच्या जागी पाणी

एखाद्या परिसरात एकाच हंगामात अनेक वासरे वाकड्या पायांची किंवा आंधळी, मलूल जन्मू लागली तर कारण बहुधा संसर्गजन्य असते. १९५९ मध्ये जपानच्या गुन्मा प्रांतात डासांमधून मिळालेला अकाबाने विषाणू हे त्याचे अभ्यासलेले उदाहरण. १९७२ ते १९७५ या काळात जपानमध्ये त्यामुळे गर्भपात, मृतजन्म आणि विकृत वासरांची चाळीस हजारांहून अधिक प्रकरणे घडली. त्याचाच नातलग असलेला श्मालेनबर्ग विषाणू २०११ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ओळखला गेला. दोन्ही विषाणू प्रामुख्याने क्युलिकॉइड्स जातीच्या बारीक चावऱ्या कीटकांमार्फत पसरतात.

या वासरांची कवटी बाहेरून पुष्कळदा नेहमीसारखीच असते. ती उघडल्यावर मोठ्या मेंदूच्या जागी पातळ पापुद्र्याची, द्रवाने भरलेली पिशवी आढळते. श्वासोच्छ्वास चालविणारा मेंदूचा खालचा भाग शाबूत असल्याने वासरू काही काळ जगते. पण त्याला दिसत नाही, आचळ शोधता येत नाही. वाकड्या पायांच्या बाबतीतही मूळ दोष सांध्यात नसतो. मज्जारज्जूतील स्नायूंना चालना देणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. त्यामुळे गर्भ उदरात हालचाल करू शकत नाही, स्नायू झिजतात आणि न हललेले सांधे आहे त्या स्थितीत आखडतात. साधारणतः तिसऱ्या-चौथ्या महिन्यात संसर्ग झाल्यास मेंदूची, तर त्यानंतर झाल्यास सांध्यांची हानी ठळक असते. अंतर्रचनेवरून संसर्गाचा महिना अंदाजता येतो तो असा.

येथे एक अडचण असते. गाईला आलेला ताप किरकोळ असतो आणि वासरू जन्मते तेव्हा त्याला अनेक महिने लोटलेले असतात. विषाणूही तोवर सापडत नाही. अशा वेळी चीक पाजण्यापूर्वी घेतलेला वासराच्या रक्ताचा नमुना उपयोगी पडतो. गाईच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भात जात नाहीत. वासराला ती मिळतात चिकातून. म्हणून चीक पिण्याआधीच वासराच्या रक्तात विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली, तर संसर्ग उदरातच झाला होता हे सिद्ध होते. एकदा चीक पाजला की हा पुरावा उरत नाही. अर्थात चिकावाचून वासरू तासन् तास ठेवणे घातक असल्याने नमुना घेण्यासाठी वेळ थोडाच असतो.

चौदावा दिवस

चाऱ्यातून येणाऱ्या विकृतीचे सर्वांत प्रसिद्ध प्रकरण अमेरिकेतील आयडाहो राज्यातले आहे. तेथील मेंढपाळांच्या कळपांत कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरे जन्मत. १९५० च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा दोष डोंगराळ कुरणातील ‘व्हेराट्रम कॅलिफोर्निकम’ या वनस्पतीत निघाला. मेंढीने ती गाभण राहिल्यापासून चौदाव्या दिवसाच्या सुमारास खाल्ली तर एकाक्ष कोकरू जन्मे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात खाल्ली तर पाय आखूड राहत किंवा श्वासनलिका अरुंद होई.

एकच डोळा ही या विकृतीची केवळ बाहेरची खूण होती. आत मेंदूचा पुढचा भाग डाव्या-उजव्या अर्धांत विभागलेलाच नव्हता. काही कोकरांत मेंदूच्या तळाशी असणारी पीयूषिका ग्रंथी नव्हती, आणि त्या मेंढ्या दिवस उलटून गेले तरी वीत नव्हत्या; उदरात कोकरू वाढतच जाई. सुमारे पाच महिन्यांचा गर्भकाळ संपल्याचा इशारा मेंढी नव्हे, तर कोकराची पीयूषिका देते, याकडे या निरीक्षणाने लक्ष वेधले. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स यांनी पुढे प्रयोगांनी ते दाखवून दिले. त्या वनस्पतीतील घटकाला ‘सायक्लोपामाइन’ असे नाव मिळाले. तो पेशींमधील ज्या संदेशयंत्रणेला रोखतो, तिलाच लक्ष्य करणारे त्वचेच्या कर्करोगावरील औषध २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मेंढपाळांसाठी तोडगा मात्र साधा होता : फळलेल्या मेंढ्या पहिला महिनाभर त्या कुरणात न सोडणे.

ही वनस्पती भारतातील नाही. चाऱ्यातील उणीव मात्र येथेही परिचित आहे. टेक्सासमधील फ्रेड हेल यांनी १९३३ मध्ये नोंदविले की, अ जीवनसत्त्वाविना पोसलेल्या डुकरिणीला झालेल्या अकराही पिलांना नेत्रगोलच नव्हते. आहार सुधारल्यावर पुढे निकोप पिले झाली. गाईंमध्ये हीच उणीव निराळ्या रीतीने दिसते. वासराचा डोळा वरकरणी ठीक असतो, पण दृष्टिचेता ज्या हाडाच्या छिद्रातून जाते ते अरुंद झाल्याने चेता चेपली जाते आणि वासरू आंधळे होते. दीर्घ टंचाईत केवळ वाळल्या कडब्यावर आणि पेंढ्यावर काढलेल्या गाभण जनावरांना हिरवा चारा किंवा पूरक जीवनसत्त्व देण्याचा आग्रह यासाठीच धरला जातो.

वळूचा वारसा

काही विकृती रक्तातून येतात. होल्स्टीन गाईंमधील ‘कॉम्प्लेक्स व्हर्टिब्रल मालफॉर्मेशन’ हा दोष गेल्या शतकाच्या अखेरीस डेन्मार्कमधील संशोधकांच्या लक्षात आला. वासराची मान आणि छाती आखूड असते. आत मणके अर्धवट घडलेले व एकमेकांत जुळलेले असतात आणि सुमारे निम्म्या वासरांत हृदयदोषही असतो. अनेक गर्भ दिवस भरण्यापूर्वीच नष्ट होतात, त्यामुळे पशुपालकाला केवळ ‘गाय गाभण राहत नाही’ असे वाटत राहते. हा दोष ‘कार्लिन-एम आयव्हनहो बेल’ या नामांकित अमेरिकी वळूपर्यंत मागे नेता आला. भरघोस दूध देणाऱ्या मुलींमुळे त्याचे वीर्य जगभर वापरले गेले होते. दूध वाढले, तसा दोषही पसरला.

असा दोष वाहणारे जनावर स्वतः निरोगी असते. दोन वाहक एकत्र आले तर सरासरी चारपैकी एका वासरात तो प्रकट होतो. कृत्रिम रेतनात एका वळूची हजारो वासरे जन्मतात, म्हणून वळूची निवड करतानाच जनुकीय तपासणी आवश्यक ठरते. भारतात गोठित वीर्य उत्पादनाच्या किमान मानकांमध्ये होल्स्टीन व तिच्या संकरित वळूंच्या अशा काही आनुवंशिक दोषांसाठीच्या तपासण्यांचा अंतर्भाव आहे. गावातील एकच वळू, रेडा किंवा बोकड वर्षानुवर्षे वापरला जातो आणि तो स्वतःच्याच मुलींना फळवितो, तेथे मात्र ही चाळणी नसते.

पुरण्यापूर्वी

विकृत वासरू जन्मल्यास पशुपालकाने काय करावे, याबाबतच्या सूचना थोडक्या आहेत. वासरू जिवंत असल्यास ते गिळते का, शेण टाकते का, उभे राहते का हे पाहावे व पशुवैद्यकास बोलवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. ते मृत असल्यास सावलीत, शक्य तर बर्फात ठेवावे, कारण उष्ण हवामानात मेंदू सर्वांत आधी मऊ पडतो आणि नेमकी तीच तपासणी हुकते. उघड्या हाताने वार किंवा गर्भ हाताळू नये. गर्भपातामागे माणसालाही होणारा ब्रुसेलोसिस असू शकतो. गाय केव्हा व कोणत्या वळूच्या वीर्याने फळविली, गाभण काळात तिला ताप आला होता का, कोणती औषधे दिली, चारा कोणता होता, याची नोंद शवविच्छेदनाइतकीच मोलाची असते.

पशुवैद्यकीय महाविद्यालये आणि रोग अन्वेषण प्रयोगशाळा असे नमुने तपासू शकतात. महाराष्ट्रात पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभाग हे काम करतो. एका वासराच्या तपासणीतून पुष्कळदा ‘आनुवंशिक अथवा संसर्गजन्य कारण आढळले नाही’ एवढेच निष्पन्न होते. पण गाय विकावी की ठेवावी, पुन्हा तोच वळू वापरावा की बदलावा, शेजारच्या गोठ्यांना सावध करावे की नाही, या प्रश्नांसमोर उभ्या असलेल्या कुटुंबासाठी तेवढे उत्तरही पुरेसे असते. अपशकुनी ठरवून बाजारात नेली जाणारी दुभती गाय त्या एका ओळीने दावणीला राहू शकते.